पाठमोरा सराव

मी एक जुना खो-खोचा खांब आहे. पांढरकवड्याच्या एका शाळेच्या मैदानात उभा आहे. माझा जोडीदार दुसऱ्या टोकाला होता. जन्मभर समोरासमोर राहिलो, पण मित्रांनो, आमची भेट कधी झाली नाही.

उकंडा सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून घडवलं आणि लेकरांच्या तळहाताला काही बोचू नये म्हणून घासून घासून गुळगुळीत केलं. मुली पळत यायच्या, मला धरून गर्रकन वळायच्या. त्यांचा घाम मुरून माझा रंग गडद झाला.

त्यातलीच एक वर्षा, तांड्यावरच्या हिरासिंग राठोडची मुलगी. तिच्यासारखं वळणं मी कुणाचं पाहिलं नाही. खेळताना तिला 'खो' एवढाच शब्द बोलावा लागे. तेवढा ती खणखणीत बोलायची. खेळ संपला की घोळक्यापासून लांब, माझ्याजवळ उभी राहायची.

पुढे शिकून ती याच शाळेत खो-खो शिकवायला आली. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका विमलताई म्हणाल्या, "मॅडम, दोन शब्द बोला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने मला धरलं. तळवा गार आणि ओलाचिंब. शब्द काही फुटेना. कोणीतरी फिस्सकन हसलं. 'नवी मॅडम लय गर्वाची हाये,' असं मैदानभर झालं.

मग ती सगळ्यांच्या आधी यायची, फक्कीने रेषा आखायची आणि माझ्याशी बोलायची. मुलींना काय सांगायचं ते सगळं मला सांगायची. किती समजावून सांगायची! पण फाटकातून पहिली मुलगी आत आली की तिचा आवाज आटायचा. मग शिकवायचं ते नुसतं करून दाखवून.

तालुक्याचा सामना आमच्याच मैदानात झाला. आमच्या संघातली मेहनाज माझ्या अगदी जवळून निसटली. तिला हात लागला नव्हता, तरी पंचांनी बाद दिलं. दाद मागायची ती वर्षाने. ती उठली, थोडी पुढे आली, ओठ हलले आणि तिथेच थिजली. आम्ही हरलो.

मेहनाजचे वडील जमीरभाई हायवेवर ट्रक दुरुस्त करतात. ते म्हणाले, "मॅडम, एक शबद तं बोलाचा होता. पोरगी रडून राह्यली."

त्यानंतर कित्येक दिवस वर्षा आली नाही. मैदानात शेळ्या चरायच्या.

आली ती निरोप घ्यायला. मुली भोवती जमल्या. मला धरून ती कसंबसं म्हणाली, "कोणी पाह्यलं का, मले बोलताच येत नाही. भेव वाटते. तुमी... दुसरी मॅडम पाहा."

या वेळी कोणी हसलं नाही. मेहनाज मैदानात खेळाडू बसतात त्या चौकात गेली आणि वर्षाकडे पाठ करून बसली.

"चला वं, साऱ्याजणी तिकडं तोंड करा! मॅडम, आता कोणीच नाही पाहून राह्यलं. बोला."

खो-खोत मुली एक इकडे, एक तिकडे तोंड करून बसतात. त्या दिवशी सगळ्या एकाच दिशेला बसल्या. वर्षा त्या पाठींकडे पाहत राहिली.

"मेहनाज," ती हळूच म्हणाली, "तू हातानं वळतं. कंबरेतून वळत जाय."

मग ऊन डोक्यावर येईपर्यंत ती बोलत होती. निरोपाचं कोणी नावही काढलं नाही.

पाठमोरा सराव चालू राहिला. भीती गेली असं मी म्हणणार नाही. सामन्याच्या दिवशी वर्षा अजूनही लिंबाखाली एकटीच डबा खाते. पण तिच्या मुली शिकतात. जमीरभाईसुद्धा आले की रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात.

यंदा शाळेला मॅट मिळाली. खेळ नव्या सभागृहात गेला. माझ्या जोडीदाराला वाळवी लागली होती, त्याला उपटून नेलं. आता दिवसभर मला कोणी हात लावत नाही.

मित्रांनो, गप्प माणसाला गर्विष्ठ म्हणू नका. 'बोल, बोल' म्हणून त्याच्या मागेही लागू नका. त्याच्याजवळ नुसते बसा. मीही आजवर कुणाशी बोललो नव्हतो. आज तुम्ही बसलात, म्हणून एवढं बोलता आलं.