लिंबावरचा मॅथ्यू

फुलपाखरू ओळखताना मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. आमच्या बोरिवलीच्या निसर्गमंडळात खजिनदारांनी एकदा पतंगाला फुलपाखरू म्हटलं. मी त्यांना तिथल्या तिथे, चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. चूक ती चूक.

याच ख्यातीमुळे गोराईच्या ऑलिव्ह आंटींनी मला बोलावणं धाडलं. खाडी ओलांडून त्यांच्या वाडीत गेले, तर अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली स्टुलावर दारूचा भरलेला पेग आणि बाजूला त्यांचा मुलगा गॅविन कुऱ्हाड घेऊन उभा. त्याला नवी गाडी लावायला जागा हवी होती.

"हे झाड माझ्या मॅथ्यूनं लावलेलं," आंटी म्हणाल्या. "गेल्या वर्षी तो गेला. तेव्हापासून रोज फुलपाखरू होऊन येतो, या झाडावर बसतो. या गाढवाला पटत नाय. तू शिकलेली ना, तू ओळख पटव."

"तुम्ही बोलाल ते फायनल, मॅडम," गॅविन म्हणाला. "डॅडी असेल तर झाड राहील. नसेल तर आत्ताच तोडतो."

मला हसू यायला हवं होतं, पण दोघंही अगदी गंभीर होते. मी म्हटलं, "मी फक्त प्रजाती सांगते."

"ती सांग. माणूस कोण ते आम्ही बघतो," आंटी म्हणाल्या.

तेवढ्यात ते आलं. काळेभोर पंख, मागच्या पंखांवर निळी झाक. "नीलवंत," मी म्हणाले. "आपल्या राज्याचं फुलपाखरू."

"राज्याचं? बघ गॅविन! जन्मभर अर्ज करून थकला, मेल्यावर का होईना, सरकारात लागला तुझा डॅडी!"

गॅविननं कुऱ्हाड थोडी खाली केली. मी गप्प बसायला हवं होतं. पण नीलवंत एका कोवळ्या पानावर टेकलं, पोटाचं टोक वाकवलं आणि पानावर एक फिकट मोती ठेवून उडालं. माझ्यातला जुना किडा वळवळलाच.

"अंडं घातलं," मी म्हणाले. "मादी आहे ही."

गॅविननं कुऱ्हाड उचलली. आंटी सावकाश म्हणाल्या, "मादी? म्हणजे माझी सासू!"

गॅविनचा हात वरच्या वर थांबला. "ग्रॅनी?"

"सिसिलिया ग्रॅनी. चालव कुऱ्हाड, हिंमत असेल तर."

गॅविननं झाडासमोर छातीवर क्रॉसची खूण केली, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि मुकाट्यानं आत गेला.

मी मनापासून टाळ्या वाजवणार होते. पण आंटी पायरीवर बसून रडायला लागल्या होत्या. "वर्षभर मी त्या म्हातारीला पेग भरला गं. मग माझा मॅथ्यू आलाच नाय?"

मला फार वाईट वाटलं. स्टुलाच्या पायाला एक बारकं मळकट पाखरू चिकटलं होतं. शंभर टक्के पतंग.

"आंटी, हे फुलपाखरू बघा," मी म्हणाले. "नर आहे."

त्यांनी डोळे पुसून निरखून पाहिलं. "एवढुसा?"

"एवढाच असतो."

"हां. तोही बुटकाच होता." त्यांनी पेग उचलून हळूच जमिनीवर, त्याच्या पुढ्यात ठेवला. "आईच्या समोर कधी वर मान केली नायस. आता तरी घे रे, म्हातारी उडून गेली."