हात लावायचा नाही

"नावेला हात लावलात की पोहणं बाद," पंचांनी पुन्हा बजावलं.

"आणि आम्ही हिला लावला तर?" बाबांनी विचारलं.

"तरी बाद."

"बघ गं," आई पाण्यातून मला म्हणाली, "चारचौघांत कधी माझा हात धरला नाही, आणि आज चौकशी करतायत."

आई दवाखान्यात केसपेपर काढते. पन्नाशीनंतर पोहायला शिकली ती गुडघ्यांसाठी, आणि आज अख्खं तळं पार करायला निघाली होती. बाबा शिंपी. सगळ्यांची मापं घेतात, स्वतःची चूक मात्र त्यांना कधी सापडली नाही. बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचा हात लांब.

निम्मं अंतर सरलं आणि वारा फिरला. लाटा तोंडावर यायला लागल्या. दोरीने सोडलेली कोमट पाण्याची बाटली आईच्या बोटांत ठरेना. ओठ निळसर दिसत होते. पंच पुढे वाकले. गारठा डोक्यात गेला की माणूस भलतंच बोलू लागतो, म्हणून ते मधूनमधून प्रश्न विचारत.

"ताई, लग्न कुठल्या महिन्यात झालं?"

"फेब्रुवारीत."

पंचांनी बाबांकडे पाहिलं.

"मे," बाबा ठामपणे म्हणाले. "घामाने कोट भिजला होता माझा."

"बाहेर घ्या यांना," पंच म्हणाले.

"अहो, फेब्रुवारीच," मी म्हणाले.

"मुली आईचीच बाजू घेतात," बाबा म्हणाले.

आई जागच्या जागी तरंगत होती. दात वाजत होते. "घाम भीतीने फुटला होता त्यांना," ती म्हणाली.

पंचांनी तिच्याकडे हात पुढे केला. बाबांनी एकदम त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. फेब्रुवारीच. माझं..." त्यांनी घसा खाकरला. "माझं चुकलं."

आई इतकी हसली की नाकातोंडात पाणी गेलं. "परत म्हणा. कानावर टोपी आहे."

"पोह गुपचूप."

पंचांनाही हसू आलं. "डोकं ठिकाणावर आहे यांचं. चला."

पलीकडच्या काठाशी आई उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. बाबा नावेतून उतरून, टॉवेल पसरून तिच्यासमोर उलटे चालत होते, तिला जराही हात न लावता. पाणी संपलं तिथे पंचांनी शिट्टी वाजवली. बाबा तरी तसेच उभे.

"आता चालतं," आई म्हणाली आणि हात पुढे केला.

सुरकुतलेला, गारठलेला हात. महागाचं कापड घ्यावं तसा बाबांनी तो हातात घेतला. चारचौघांत.