भिंतीवरचा दात

सेरुवाया सकाळपासून दालोच्या कंदाची पेज चाळणीतून गाळत होती. तिच्या लेकाचा, वाइसेआचा जबडा तारांनी बांधलेला. नळीतून जाईल तेवढंच अन्न. बोटीचं इंजिन चोरल्याच्या संशयावरून हवालदार अपिसाईनं त्याला चौकीत नेलं आणि कबूल कर म्हणून बुटांनी तुडवलं. इंजिन पुढं भलत्याच गावात सापडलं. सोमवारी अपिसाईवरचा खटला उभा राहणार होता.

म्हणूनच आज, शनिवारी, अपिसाईचे भाऊबंद सेरुवायाच्या दिराच्या घरी आले. चटया, रॉकेलचं पिंप, मानाच्या पेयासाठी यांगोनाच्या मुळांची जुडी, आणि सगळ्यांवर भारी असा देवमाशाचा दात. मार खाल्लेल्याच्या कुळाच्या प्रमुखानं तो हाती घेतला की अपराध धुतला गेला, फिर्याद मागं. दोन कुळांतलं रक्त थांबवायला वाडवडिलांनी केलेली ही रीत. खाकीनं तिची ढाल केली. अपिसाईचे साहेबसुद्धा पाहुण्यांत पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. ज्यांनी चौकशी करायची, तेच रदबदलीला!

सेरुवाया तिथं पोचली, तर दारातच दीर इलाइतिया, कुळाचा प्रमुख, आडवा झाला. "वहिनी, आत नको. तू चहाचं बघ."

"पोर माझं मोडलं आणि मी चहाचं बघू?"

"माणसं गुडघ्यांवर आलीत गं. नाही म्हटलं तर तोंड कुठं दाखवायचं?"

"मारणारा कुठाय?"

"त्याचं कुळ आलंय की!"

इलाइतिया आत जाऊन बसला. पाहुण्यांच्या म्होरक्यानं दात पुढं धरला. "लेकरू चुकलं, पदरात घ्या." इलाइतियाचा हात पुढं झाला. तेवढ्यात सेरुवाया आत शिरली, ताठ. बसलेल्या पुरुषांमधून बाई कधी ताठ जात नाही.

"अगं, वाक की!" कुणीतरी गुरगुरलं.

"वाकून वाकूनच पोरं मोडून घेतली. भावजी, हात लावायच्या आधी मागं बघा. भिंतीवर टांगलाय तो दात कशाचा?"

इलाइतियानं मान वळवली नाही. गरजही नव्हती. गेल्या वर्षी याच अपिसाईनं कुळातल्याच ताराइविनीच्या पोराचा कान फोडला होता. हीच माणसं, हेच बोल. दात घेतला, फिर्याद गेली. पोराला त्या कानानं आजही ऐकू येत नाही.

साहेब गोड आवाजात म्हणाले, "बाई, रविवारी चर्चमध्ये क्षमेची गाणी तुम्हीच गाता ना?"

"क्षमा करीन साहेब. त्यानं समोर येऊन मागावी. पण फिर्याद मागं घेणार नाही."

"गाव वाळीत टाकेल!"

"टाकू दे. कोर्टाच्या बसमध्ये वाळीतल्यांनाही बसू देतात."

चहाची किटली खाली ठेवून ताराइविनी आली. तीही ताठ. तिनं भिंतीवरचा दात उतरवला आणि साहेबांच्या पुढ्यात आपटला.

"हा परत न्या. हा घेतला, म्हणून वाइसेआ मोडला. आता माझीही फिर्याद लिहून घ्या."

"आज शनिवार आहे, बाई. सुट्टी..."

"मारायला शनिवार चालतो तुमच्या चौकीत!"

म्होरक्यानं हातातला दात खाली ठेवला. चटईवर दोन दात पडले होते. इलाइतियानं पुढं केलेला हात हळूच मागं घेतला, मांडीला पुसला.

"लिहून घ्या, साहेब," तो म्हणाला. "साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. गेल्या वर्षी हात मीच लावला होता."