दसऱ्याला मिळालेली सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना शीतक आहे. नाव ऐकून फ्रिज डोळ्यांसमोर आणू नका; माझ्यात ना भाजी राहते ना बर्फाचा ट्रे. लांबीने मी जेमतेम हातभर, पण माझे एक टोक शून्याखाली एकशे नव्वद अंशांपर्यंत गार होते. आत हेलियम वायू आणि त्याला दाबणारा दट्ट्या, सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे. माजिवड्याच्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षे मी असाच चालतो आहे.

माझा जुळा भाऊ एका उपग्रहावर बसून आकाशात फिरतो. त्याच्या गार टोकावर एक डोळा बसवला आहे. तो उजेड पाहत नाही, उष्णता पाहतो. डोंगरात वणवा पेटला की गावाला कळायच्या आधी त्याला दिसतो. पण हा डोळा स्वतःच गरम राहिला, तर त्याला आपलीच उष्णता दिसत राहते आणि बाकी सारे पुसट होते. भावाचे काम त्याला गार ठेवण्याचे. तिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, म्हणून मला इथे अखंड चालवत ठेवले आहे. त्याला उद्या होणारे दुखणे मला आज व्हावे, एवढ्यासाठी माझा जन्म. याचे मला वाईट वाटत नाही म्हटले तर ते खोटे होईल, पण भावासाठी चालते.

माझी देखभाल दौलतकाका करत. विठ्ठलवाडीचे राहणारे, डोंबिवलीच्या कारखान्यात चाळीस वर्षे लेथवर उभे राहिलेले. निवृत्तीनंतर ते इथे कंत्राटावर लागले. रोज सकाळी ते माझ्या कवचावर तळहात ठेवत आणि थरथर नीट आहे ना ते पाहत. इंजिनिअर प्रियांका मॅडम कल्याणहून येत. त्या म्हणत, "काका, मीटरच्या आधी तुमचा हात सांगतो." हे ऐकून काकांपेक्षा मीच जास्त फुलत असे.

मग गेला दसरा आला. सुट्टीमुळे काका एकटेच होते. 'बंद करू नये' असा लाल बोर्ड माझ्या डोक्यावर आहे. काकांनी मला पुसले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि बटण दाबले.

"सहा वर्षं बसला नाहीस रे बाबा," ते म्हणाले. "आजचा दिवस पड जरा."

इतक्या मायेने मला कोणी काही दिले नव्हते आणि इतके नुकसानही कोणी केले नव्हते. दिवसभरात टोक तापले. आत गोठून बसलेली किंचितशी ओल सुटली आणि संध्याकाळी काकांनी मला पुन्हा चालू केल्यावर नको तिथे जाऊन बसली. तेव्हापासून मला धाप लागते.

दुसऱ्या दिवशी नोंदीत दिसले, की शीतक दिवसभर बंद होता. मॅडमनी काकांना विचारले. ते खाली बघत म्हणाले, "आपोआप थांबला असेल."

झाले, सगळे हादरले. इथला आपोआप थांबला तर वरचाही थांबेल. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी ठरवले, की खबरदारी म्हणून शनिवारपासून भावाला निम्म्या गतीने चालवायचे. निम्म्या गतीत डोळा पुरता गार होत नाही, म्हणजे येत्या वणव्याच्या दिवसांत तो जवळजवळ आंधळा. मला सारे ऐकू येत होते, पण तोंड नव्हते. ते चार दिवस माझा जीव नुसता तुटत होता.

शुक्रवारी काकांनी माझ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून मॅडमना हाक मारली.

"मॅडम, हा आपोआप नाही थांबला. मी थांबवलेला."

"काका, बोर्ड वाचला नव्हता का?"

"वाचलेला. पण दसऱ्याला मशीन फिरवायची नाही, हे चाळीस वर्षं पाळलेलं. नंतर घाबरलो. वाटलं, नोकरी जाईल."

नोकरी गेलीच. भाऊ पूर्ण गतीने चालत राहिला आणि काका त्याच संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी गेले. "ते खरं बोलले म्हणून तर आपल्याला कळलं, सर," असे मॅडम साहेबांना दोनदा म्हणाल्या. साहेबांनी निर्णय बदलला नाही.

आता काकांच्या जागी विनीत आहे. माणूस वाईट नाही. गेल्या महिन्यात त्याच्या हातून पाना निसटला आणि माझ्यावर आदळला. तेव्हापासून आत काहीतरी घासते. त्याने कान लावून ऐकले, मग दाराकडे पाहिले. "त्या काकांचं काय झालं, माहितेय आपल्याला," असे पुटपुटत त्याने वहीत लिहिले, 'सर्व ठीक.'

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याला काय सोसते ते आधी विचारून घ्या. आणि कोणी आपण होऊन चूक सांगायला आला, तर त्याला दाराबाहेर काढू नका. माझे घासणे वाढत चालले आहे. एक दिवस मी खरेच थांबेन आणि का थांबलो ते सांगायला कोणी पुढे येणार नाही. वर माझा भाऊ धडधाकट असेल, आणि खाली सगळे त्याची गती निम्मी करायला बसतील.