तपासणीच्या पलंगापुढचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, खिडकीचा तर मुळीच नव्हे. गावातल्या आरोग्य केंद्रात, तपासणीच्या पलंगापुढे उभा राहणारा, लोखंडी पायांचा हिरवा पडदा.

लोहाराने माझी चौकट जोडली, शिंप्याने कापड शिवले. माझ्या चार चाकांपैकी एक पहिल्या दिवसापासून रुसलेले. मला जरा सरकवले, की सगळ्या केंद्राला कळायचे. नर्सबाईंनी माझे नावच ‘लंगड्या’ ठेवले होते. मला त्याचा कधी राग आला नाही, कारण रोज सकाळी माझ्यावरची धूळही त्याच झटकायच्या.

माझे काम दिसायला अगदी फुटकळ. वजनकाटा वजन सांगतो, रक्तदाबाचे यंत्र आकडा दाखवते, मी आपला नुसता उभा. पण बाहेर ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी बाई माझ्याआड आली, की हळूच खरे सांगायची. पाळी थांबतच नाही, अंगावर पांढरे जाते, पोटातले बाळ कालपासून हलले नाही. कुणी नुसतीच रडायची. नर्सबाई घाई करत नसत. त्या ऐकायच्या, तपासायच्या, औषध द्यायच्या आणि गरज पडली तर गाडी बोलावून मोठ्या दवाखान्यात धाडायच्या. कितीतरी जणी त्यामुळे वाचल्या. पुढे त्याच बायका आपल्या लेकींना घेऊन आल्या, की माझी कापडाची छाती अभिमानाने फुगायची.

त्यांतलीच एक कुंभाराची सून. फारशी बोलायची नाही, म्हणून घरात सगळे तिला थट्टेने अबोली म्हणत. पहिल्या वेळी दिवस गेले असताना तिला लघवीला फार जळजळ व्हायची. ते तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. माझ्या कापडाचे टोक बोटाला गुंडाळत तिने ते नर्सबाईंना सांगितले. औषधाने ती बरी झाली आणि पुढे तिला गुटगुटीत मुलगी झाली.

मग एका उन्हाळ्यात, लसीकरणाच्या दिवशी, ओसरीवर बसलेल्या बाळांना ऊन लागू लागले. नर्सबाईंनी मला ओढत बाहेर नेले. छान सावली पडली. आया खूश झाल्या आणि खरे सांगायचे तर मीही हुरळून गेलो. ओसरीवर रोजच कोणी ना कोणी बसलेले असायचे, म्हणून मी तिथेच राहिलो. आत जागा मोकळी झाली, तिथे पंख्याखाली एक बाकडे आले. कुणाच्याच मनात वाईट नव्हते, मित्रांनो. म्हणूनच कुणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

अबोलीला पुन्हा दिवस गेले होते. सासरे तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. माणूस भला. सुनेला एकटे सोडायचे नाही म्हणून तेही पंख्याखाली तिच्याशेजारी बसले. मी खिडकीतून पाहत होतो. वजन झाले, रक्तदाब झाला. बाहेर रांग वाढत चालली होती.

“काही त्रास? अंगावरून काही जातंय का?” नर्सबाईंनी विचारले.

अबोलीने सासऱ्यांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“नाही,” ती म्हणाली.

नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. जाताना अबोली माझ्यापाशी थांबली, माझ्या कापडावर तिने हात ठेवला. तोवर सासऱ्यांनी गाडी सुरू केली होती. मला चाके आहेत खरी, पण कुणी ढकलल्याशिवाय ती फिरत नाहीत. त्या दिवशी मला माझा फार राग आला.

काही दिवसांनी तिची सासू आली, नातीला कडेवर घेऊन. तिच्याकडून कळले, अबोलीला थोडे थोडे रक्त जात होते. ती कपडे लपवून धूत राहिली. मग एका सकाळी रक्त थांबेचना. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

“निदान तुम्हाला तरी सांगायला हवं होतं तिनं,” सासू म्हणाली.

नर्सबाईंनी खिडकीतून ओसरीवर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “सांगायला जागाच ठेवली नव्हती आम्ही.”

त्याच दुपारी त्यांनी मला आत नेले आणि माझ्याआड बसून त्या खूप रडल्या.

आता माझा रंग विटला आहे, कापड विरले आहे. माझ्या जागी नवा पडदा आणायचा तर खुशाल आणा, पण ती जागा रिकामी ठेवू नका. तुमची आई, बहीण, वहिनी तपासणीला जाईल, तेव्हा तिला सोबत जरूर करा आणि तिच्या बोलण्याच्या वेळी मात्र बाहेर थांबा. एवढीच माझी विनवणी आहे.

परवा तीच सासू धाकट्या सुनेला घेऊन आली. सासरेही बरोबर होते. दारापाशीच थांबून सासू सुनेला म्हणाली, “तू जा आत. आम्ही इथं आहोत. जे असेल ते सगळं सांग.”

ओसरीवर आता सावली नाही. सासरे दाराकडे पाठ करून उन्हातच उभे राहिले. धाकटी माझ्याआड आली, पलंगावर टेकली आणि मग हळूहळू बोलू लागली.