फोनमधलं ऊन

सुहासिनी गेल्याचं तिच्याच फोनवर कळलं. बळीराम तो चार्ज करायला हॉस्पिटलातून वसईजवळच्या भुईगावला घरी घेऊन आला होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता की अंगणातली केळ दिसत नव्हती. पलीकडच्या बाईने विचारलं, "पेशंटचे नातेवाईक बोलताय का?" आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. बळीरामने फोन खाली घेतला. पडद्यावर पिवळाधमक सूर्य आणि शेजारी ४१ आकडा. ढगाचा ठिपका नाही. बायको गेली त्या घटकेला त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हवामान सांगणारं हे यंत्रही बिघडलं.

त्याच फोनवरून त्याने मस्कतला जितेशला नेटवर कॉल लावला. एकुलता एक मुलगा. तो आधी रडला. मग म्हणाला, "बाबा, इकडे वाळूचं वादळ सुटलंय. काही दिसत नाही. विमानं बंद केलीत. मी कसा येऊ?"

"व्हिडिओ लाव. तुझं तोंड तरी बघू दे."

"नेट वीक आहे बाबा."

कॉल संपला. पडद्यावर सूर्य होता तिथेच होता.

अग्नी मुलाने द्यायचा, म्हणून भावकी थांबायला तयार होती. सुहासिनीचा भाऊ कृष्णा बर्फ आणायलाही निघाला. बळीरामने त्याला अडवलं, वादळाचं सांगितलं. कृष्णा म्हणाला, "भावोजी, विमानं बंद आहेत, का पोराचं मन बंद आहे?"

बळीराम मयतासमोर त्याच्यावर ओरडला. "माझ्या पोरावर संशय घेतोस? नीघ इथून!" कृष्णा निघाला नाही. बहिणीला खांदा देऊनच गेला, पण पुन्हा या घराचा उंबरा चढला नाही. अग्नी बळीरामने दिला. जितेश बाराव्याला आला. वाळू काचांवर कशी आपटत होती, गाड्या कशा झाकून गेल्या, हे चहा पिता पिता सगळ्यांना सांगून परत गेला.

पावसाळा सरला तसा परसातला राजेळी केळींचा घड पिकला. दरवर्षी सुहासिनी त्याची सुकेळी करायची. केळी सोलून ताटीवर उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, चांगली वाळली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. ती होती तेव्हा बळीरामने कधी ताटीला हात लावला नव्हता. या वेळी त्याने लावला. सकाळी फोन बघितला, तर ऊन. केळी बाहेर घालून तो शेतावर गेला आणि दुपारी सर आली. दुसऱ्या खेपेलाही तेच. केळी आंबली. त्याने ती गुरांपुढे टाकली आणि फोन घेऊन शेजारी फर्डिनंडकडे गेला.

फर्डिनंड पडवीत सुपाऱ्या सोलत होता. म्हणाला, "अरे बळी, फोन बघून कुठे केळी सुकवतात? वर बघ ना. आभाळाला चार्जिंग नाय लागत."

"तुझे दात काढून झाले की पोरीला हाक मार."

त्याची मुलगी एलिसा बाहेर आली. तिने फोन बंद करून चालू केला. लोकेशन बघितलं, ते चालू होतं. ॲपमध्ये साठलेला जुना कचरा काढला, ॲप नवीन करून घेतलं. सूर्य हलला नाही.

"पहिल्यापासून खोटारडं आहे हे," बळीराम म्हणाला. "ती गेली त्या दिवशी एवढा पानी, आणि हे ऊन दाखवत होतं. एकेचाळीस!"

"एकेचाळीस? वसईत?" एलिसाने सूर्यावर बोट दाबलं. पडदा भरून ऊन आलं. वर बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती तिने वाचली आणि पान बाजूला सरकवलं. मागून दुसरं पान आलं, त्यावर ढग होते. "काका, हे बिघडलेलं नाहीच. वसई हे दुसरं पान आहे. पहिलं मस्कत आहे. काकींनीच वर ठेवलं असणार, जितेशदादाचं."

सुहासिनी सकाळी उठून फोन बघायची आणि पौषातल्या थंडीतही म्हणायची, "आज किती तापलंय गं बाई." बळीराम हसायचा. म्हणायचा, थंडीत तुलाच ताप चढलाय. तिने कधी उलगडून सांगितलं नाही, आणि याने कधी विचारलं नाही.

सुपारी सोलणारा फर्डिनंडचा हात थांबला. त्या दिवशी तोही मयताला होता. वादळाची गोष्ट त्यानेही ऐकली होती.

बळीरामने विचारलं, "नेट नसेल तर जुनंच दाखवत राहतं ना हे?"

"हो, दाखवतं कधीकधी. त्या दिवशी नेट नव्हतं का?"

बळीरामने आठवून बघितलं. नेट होतं. जितेशशी बोलला तो त्याच नेटवर.

"वादळ असलं तर दिसतं यात?"

"दिसतं ना. धुळीचं वेगळं चित्र येतं." एलिसाने बापाकडे बघितलं. काय चुकलं ते तिला कळेना. "मस्कत खाली करू का काका? वसई वर आणते."

"राहू दे," म्हणून त्याने फोन घेतला.

फर्डिनंड फाटकापर्यंत आला. "बळी, तिकडे शहर मोठं असतं. एका बाजूला वादळ, एका बाजूला..."

"तू सुपाऱ्या सोल."

रविवारी जितेशचा फोन आला. "बाबा, जेवलात का? पाऊस आहे का तिकडे?"

"नाही. तुझ्याकडे?"

"इकडे काय, नेहमीचंच ऊन."

"हो," बळीराम म्हणाला. "दिसतंय."

पलीकडे जितेश घाईने कामाचं काही बोलू लागला. बळीरामने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसरा घड पिकायला आला आहे. मस्कत अजून वरच आहे. जितेशला विचारायचं राहिलं आहे, आणि कृष्णाच्या घरी जायचंही.