विहीणबाईंनी बुजवलेली भोकं

पाहुण्या बाईने पाहुण्यासारखं बसावं, खावं, आणि नावं ठेवायचीच तर आपल्या घरी जाऊन ठेवावीत. आमच्या विहीणबाईंना, सुगंधाबाईंना, एवढा दम कुठला? नवघरला आमच्याकडे आल्या, चपला काढल्या आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच गॅलरीत डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, हा चिखल अजून चालूच आहे?"

चिखल म्हणजे माझ्या सुनेचं, क्षितिजाचं काम. बँकेतली नोकरी सोडून तिने गॅलरीत कुंभाराचं चाक बसवलंय. विजेवर फिरतं. त्यावर ती कॉफीचे ड्रिपर करते. ड्रिपर म्हणजे कपावर ठेवायचा मातीचा शंकू. आत उभ्या रेघा, तळाला एक भोक. त्यात कागद घालायचा, कागदात कॉफीची पूड आणि वरून गरम पाण्याची बारीक धार. मग कपात थेंब थेंब कॉफी उतरते. तेवढ्यात मी चहा करून, पिऊन, कप विसळून मोकळी होते. पण हे मी बोलायचं. मी सासू आहे. मातीने मोरी तुंबली तेव्हा मी तिला काय काय बोलले ते अख्ख्या मजल्याने ऐकलंय. विहीणबाईंचं ते काम नाही.

त्या दिवशी जेसल पार्कातल्या कॉफीच्या दुकानाचा मालक, रोशन, ड्रिपर बघायला येणार होता. क्षितिजाने आईला शब्द दिला होता की त्याने नाही म्हटलं तर चाक विकून टाकीन आणि परत नोकरी धरीन. भट्टीतून आलेले ड्रिपर तिने टेबलावर मांडले आणि आंघोळीला गेली.

मी लसूण सोलत होते. बघते तर विहीणबाई माझ्याच परातीतली कणीक चिमटीने घेतायत आणि एकेका ड्रिपरचं भोक बुजवतायत! वर अंगठ्याने गुळगुळीत. आल्यापासून त्यांची तीच टकळी चालली होती: "भोकाचं मडकं मसणात लागतं, खांद्यावर घेऊन फेरे मारायला. हिने घरात रांग मांडलीय!"

मी ओरडले नाही. ओरडले असते तर मायलेकींचं जुंपलं असतं आणि गिऱ्हाईक दारात. बाई देवाला हात जोडायला वळल्या तशी मी अंबाड्यातला आकडा काढला आणि भोकं मोकळी केली. एक सोडून. त्या एकात मीच कागद बसवला आणि बाजूला ठेवला.

रोशन आला. क्षितिजाने कागदात पूड घालून पाणी ओतलं. धार कधी जाड, कधी बारीक. पण कॉफी उतरली. विहीणबाईंचे डोळे कपापेक्षा मोठे झाले. रोशनने घोट घेतला, ड्रिपर उलटासुलटा करून बघितला.

"मस्त जमलेत मॅडम. पाणी कुठे अडतच नाही. दुकानाला हवेत मला."

तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग म्हटलं, "क्षितिजा, आईला पण पाज की. हा घे, कागद लावून ठेवलाय."

"नको नको, मला पित्त होतं," विहीणबाई म्हणाल्या.

"असं कसं? लेकीच्या हातची आहे!"

क्षितिजाने पूड घातली, धार सोडली. पाणी चढलं, काठाला आलं आणि तिथेच थांबलं.

"हे का अडलं?"

विहीणबाई पंखा न्याहाळत होत्या. जरा वेळाने खालचा गोळा भिजून सुटला आणि कपात भदकन कॉफीत कालवलेल्या पेजेसारखं काहीतरी पडलं. क्षितिजाने बोटाने चाचपलं.

"आई, ही कणीक आहे?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. अपशकुन नको म्हणून."

"आणि त्याच्यासमोर असं झालं असतं तर? तो नाही म्हणाला असता ना!"

"मग नोकरी धरली असतीस," विहीणबाईंच्या तोंडून निसटलंच.

क्षितिजा हातातला ड्रिपर पुसायला लागली. मग मीच तो कप उचलून विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"सुगंधाबाई, सुनेला मी रोज बोलते, उद्याही बोलेन. पण तोंडावर. तिच्या पाठीमागे तिच्या कामाला कधी हात लावला नाही. तुम्ही आई असून लावलात. चाक गॅलरीतून हलणार नाही. आणि कणकेत हात घालायची एवढीच हौस असेल तर परात आत आहे. उठा, आज सगळ्यांच्या पोळ्या तुम्ही लाटायच्या."